झावळ्यांच्या छताखाली



२०२५ साली कोजागरी ६ ऑक्टोबरला होती. आपल्याकडे मसाला दूध आटत होतं, त्याच संध्याकाळी ज्यू लोकांचा 'सुक्कोत' हा सुगीचा सण सुरू झाला. त्यांचे महिनेही चंद्रावर चालतात. तिश्री महिन्याच्या पंधराव्या तिथीचा हा सण म्हणूनच कधी आपल्या भाद्रपद पौर्णिमेला येतो, तर कधी कोजागरीला.

मराठी माणसाला हा सण परका वाटायचं कारण नाही. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं आणि सात जोडपी वाचली, अशी बेने इस्रायली समाजाची आठवण आहे. ही मंडळी तेलाचे घाणे चालवू लागली आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना 'शनवार तेली' म्हटलं. आडनावं किहीमकर, रोहेकर, पेणकर. हिब्रू विसरली, पण सण मराठी नावांनी टिकले. तिश्री महिन्यातच नव्या धान्याची, नारळाच्या रसातली खीर करून ते 'खिरीचा सण' पाळत. हाईम सॅम्युएल किहीमकरांच्या इतिहासात हे सारं वाचायला मिळतं.

आता सुक्कोतची गंमत पाहा. पीक घरात आलंय, कणगी भरलीय. आपण अशा वेळी दाराला कडी लावून निवांत बसू. हा सण मात्र सांगतो, पक्क्या घरातून बाहेर या. अंगणात खोपटं बांधा आणि सात दिवस तिथेच जेवा, जमलं तर झोपाही. छत फांद्या-झावळ्यांचं आणि इतकं विरळ की रात्री चांदण्या दिसाव्यात. इजिप्तमधून सुटल्यावर पूर्वज चाळीस वर्षं वाळवंटात फिरले, त्याची ही आठवण. हातात सुबत्ता असतानाच 'हे कायमचं नाही' हे आठवायचं, आणि तेही रडत नाही, आनंदाने. या सणाचं एक नावच 'आनंदाचा काळ' असं आहे.

आपण सौदीत राहणारे तर बारा महिने खोपटातच आहोत. इकामा आहे तोवर घर. २०१७ मध्ये कुटुंबीयांवर माणशी दरमहा १०० रियाल शुल्क सुरू झालं, २०२० पर्यंत ते ४०० झालं. त्या काळात किती बिऱ्हाडं हलली, किती मुलांची शाळा अर्ध्यात सुटली, हे आपल्यातल्या प्रत्येकीला ठाऊक आहे. त्या भीतीने आपल्याला एक सवय लागली आहे, 'परत गेल्यावर' म्हणायची. चांगला डिनरसेट परत गेल्यावर काढू. पेटी परत गेल्यावर शिकू. कुंडीत तुळससुद्धा नको, कोण घेऊन जाणार? अशाने दहा-बारा वर्षं निघून जातात. मुलांचं तर अख्खं बालपण इथेच सरतं. त्यांच्यासाठी हेच घर असतं, आणि ते आपण अर्धवट बांधलेल्या खोक्यांसारखं ठेवलेलं असतं.

सुक्कोतचं खोपटं सण संपल्यावर मोडायचंच असतं, तरी ते फळांनी, माळांनी सजवतात. मला त्यातला हाच धडा मोठा वाटतो. तात्पुरतं म्हणजे कामचलाऊ नव्हे.

दुसरा धडा पाहुण्यांचा. खोपटात रोज अब्राहामसारख्या पूर्वजाला मानाने बोलावतात आणि त्याच्या नावाने गरजूला जेवू घालतात. शिवाय चार वनस्पती एकत्र हातात धरतात. महाळुंगासारखं फळ सुवासिक आणि चवदार, खजुरीला चव आहे पण वास नाही, मर्टलला वास आहे पण चव नाही, विलोला दोन्ही नाही. एकही वगळलं तर विधी अपुरा. आपल्या मंडळाच्या दिवाळीतही गाणारे, भाषण करणारे, देणगी देणारे असतात. पण लेबर कॅम्पमध्ये एकटा राहणारा, घरी पैसे पाठवणारा सांगलीचा वेल्डर त्या जुडीत असतो का?

या दिवाळीत दोन गोष्टी करून पाहूया. 'परत गेल्यावर'साठी ठेवलेली एक वस्तू बाहेर काढून वापरायची. आणि फराळाच्या ताटावर अशा एखाद्या भावाला बोलवायचं, ज्याच्या घरची चकली यंदा त्याच्यापर्यंत पोहोचणार नाही.

इकाम्याची तारीख आपल्या हातात नाही. तोवरचे दिवस मात्र आपलेच आहेत.

शुभ दीपावली!