ठावठिकाणा: कोणाचा आणि कोणासाठी?

कुंभवलीची शीव ओलांडली की तारापूरची औद्योगिक वसाहत सुरू होते. वसाहतीतून चिल्हार फाट्याकडे निघालेले कंटेनर आपल्यापैकी अनेकांनी महाविद्यालयाच्या वाटेवर, बस अडकून पडलेली असताना, सक्तीने का होईना, निरखलेले आहेत. प्रत्येक कंटेनरवर चार अक्षरे आणि सात आकडे रंगविलेले असतात. त्यांतील शेवटचा आकडा आधीच्या दहा चिन्हांवरून गणिताने काढलेला असतो, म्हणजे लिहिणाऱ्याची चूक बहुधा तिथल्या तिथे उघडी पडावी. पत्र्याच्या पेटीची ओळख पटविण्यासाठी एवढी दक्षता! आता या ओळखीला ठावठिकाणाही जोडला गेला आहे. पेटी कुठे आहे, हे उपग्रहांच्या साह्याने काही मीटरपर्यंत समजते.

याबाबत एक गैरसमज फार रूढ आहे. उपग्रह आकाशातून आपल्याकडे पाहत असतो आणि कंटेनर त्याला दिसतो, असे पुष्कळांना वाटते. वस्तुस्थिती निराळी आहे. उपग्रहाला कंटेनरची काहीच खबर नसते. तो फक्त आपली वेळ आणि आपले स्थान अखंड सांगत राहतो. पेटीवरचे किंवा ट्रेलरवरचे यंत्र निदान चार उपग्रहांचे हे बोलणे ऐकते, प्रत्येकाचा संदेश पोहोचण्यास किती वेळ लागला ते पाहते आणि त्यावरून स्वतःचे ठिकाण स्वतःच काढते. अमेरिकेच्या जीपीएसचे हेच तत्त्व आणि 2013 पासून इस्रोने सोडलेल्या आपल्या नाविक उपग्रहांचेही हेच. इथवर सगळे निष्पाप आहे. पुढे मात्र ते यंत्र मोबाइलच्या जाळ्यावरून आपले ठिकाण कोणाला तरी कळविते. कोणाला कळवायचे, हे आकाशात ठरत नाही. ते कार्यालयात बसलेली माणसे ठरवितात. माझा सारा मुद्दा या एका जागेवर आहे.

न्हावा-शेवा बंदरात 2016 पासून कंटेनरला रेडिओ लहरींवर चालणारा टॅग लावतात. तो बंदराचे फाटक, टोलनाका अशा ठरावीक ठिकाणीच वाचला जातो. मधल्या वाटेत तो मुका असतो. उपग्रहाचे यंत्र सतत बोलते. हापाग-लॉइड या जर्मन कंपनीने 2022 मध्ये आपल्या सर्व साध्या कंटेनरांवर अशी यंत्रे बसविण्याचे जाहीर केले. माल पाठविणाऱ्याची यात मोठी सोय आहे, आणि चोरीला आळा बसतो हेही खरे. त्याविरुद्ध माझी तक्रार नाही.

पण हे बोलणे ऐकतो कोण? मालाचा धनी ऐकतो, गाडीचा मालक ऐकतो. जो ती गाडी रात्रभर हाकतो त्याला मात्र त्याच्याच प्रवासाची नोंद मिळत नाही. एका ट्रेलर ड्रायव्हरने मला सांगितले, की डोळा लागला म्हणून तो रस्त्याकडेला अर्धा तास थांबला, तर मालकाचा फोन आला, "गाडी का हलत नाही?" सलग चौदा तास गाडी हलत होती, तेव्हा मात्र कोणी फोन केला नव्हता. दोन्ही गोष्टी त्याच यंत्राने नोंदविलेल्या होत्या. उद्या अपघात झाला, तर ही नोंद त्याच्या विरुद्ध वापरली जाईल. त्याच्या बाजूने वापरायची म्हटली तर ती त्याच्या हाती नाही.

आणि ज्या गावांतून या गाड्या जातात त्यांचे काय? माल कोणाचा, कुठे चालला, हे ग्रामपंचायतीला कळू नये, हे मला मान्य आहे. चोराला आमंत्रण कशाला? परंतु शाळा सुटण्याच्या वेळी किती अवजड गाड्या गेल्या, किती वेगाने गेल्या, रात्री कुठे रांगेने उभ्या राहिल्या, एवढे नाव-गाव वगळून महिन्याने कळविण्यात कोणाचा माल लुटला जाणार आहे? गतिरोधक मागायला गेलेल्या ग्रामस्थांना अधिकारी पुरावा विचारतात. तो पुरावा गाड्यांतील यंत्रे दर मिनिटाला तयार करीत असतात.

हे अव्यवहार्य आहे, असे कोणी म्हणेल त्याने समुद्राकडे पाहावे. आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या 300 टनांवरील प्रत्येक जहाजाला 2004 अखेरपासून आपले नाव, ठिकाण आणि वेग रेडिओवरून उघडपणे जाहीर करीत राहण्याचे बंधन आहे. टक्कर टळावी एवढ्यासाठी जगाने हे मान्य केले. हजारो कंटेनर लादलेले जहाज जे सर्वांना सांगते, ते त्यातला एक कंटेनर बोईसरच्या रस्त्यावर आला की गुपित होते, हा न्याय मला समजत नाही.

हा प्रश्न आता आपल्या दाराशी आला आहे. वाढवण बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून 2024 मध्ये मंजुरी दिली. नऊ कंटेनर टर्मिनल, आणि वीस फुटी मापाने वर्षाला 2 कोटी 32 लाख कंटेनरांची नियोजित क्षमता. म्हणजे दिवसाला त्रेसष्ट हजारांवर. त्यातले पुष्कळ रेल्वेने जातील हे धरूनही आकडा छाती दडपविणारा आहे. बंदराची पायाभरणी 30 ऑगस्ट 2024 रोजी पालघरला झाली. त्याच समारंभात आणखी एका योजनेचा आरंभ झाला, तिची चर्चा मात्र फारशी झाली नाही. मच्छीमार नौकांवर इस्रोच्या तंत्राची एक लाख यंत्रे बसवायची, सुमारे 360 कोटी रुपये खर्चून. संकटात नौकेला संदेश देता यावा आणि घेता यावा, हा हेतू उत्तम आहे. वादळात सापडलेल्या माणसांच्या घरी रात्र कशी जाते, हे सातपाटी-मुरबे-नवापूरकडच्या माझ्या वर्गमित्रांना विचारावे.

तरीही इथे तोच प्रश्न अधिक तीव्रतेने उभा राहतो. जमीन गेली तर शेतकऱ्याजवळ सातबारा असतो. त्यावर तो भांडू तरी शकतो. औद्योगिक वसाहतीच्या शेजारी राहणाऱ्यांना त्या कागदाची किंमत सांगायला नको. समुद्राला सातबारा नाही. तांडेलाचा बाप, आजोबा कोणत्या पाण्यात जाळी टाकीत होते, हे सारे गाव जाणते, कागद जाणत नाही. बंदराच्या भरावाखाली आणि जहाजांच्या वाटेत ते पाणी गेले म्हणजे भरपाईच्या टेबलावर पहिला प्रश्न येणार: तुम्ही तिथेच मासेमारी करीत होता, कशावरून?

त्याचे उत्तर त्या यंत्राजवळ असेल. नौका कोणत्या दिवशी कुठे होती, किती वेळ थांबली, सगळे तारखेनिशी. म्हणून माझी सूचना अशी, की यंत्र बसविताना नौकामालकाकडून ज्या कागदावर सही घेतात, त्याच कागदावर त्याच्या नौकेची नोंद त्याला मागताक्षणी, विनामूल्य आणि मराठीत मिळेल, असे कलम घालावे. मच्छीमार सहकारी संस्थांनी ते आताच मागावे; भरपाईचे अर्ज सुटल्यावर नव्हे. आणि ट्रेलरच्या ड्रायव्हरलाही तेच कलम लागू करावे.