फोटो सर्वांचा, फोटोग्राफर कोणाचा?

लग्नसराई आली की वस्तीतल्या फोटोग्राफरची चांदी होते, असे लोक म्हणतात. पण त्याची उधारीची वही कोणी उघडून पाहिली आहे काय? मध्यंतरी असाच एक तरुण ती वही घेऊन आमच्याकडे सल्ल्यासाठी आला. हळदीपासून वरातीपर्यंत दोन दिवस तो उभा होता. विसार म्हणून मिळालेले पैसे अल्बमच्या छपाईत आणि सोबतच्या मुलाच्या रोजात गेले. अल्बम हाती पडल्यावर बाकी रक्कम मागितली, तर यजमान म्हणाले, ‘बटणच तर दाबलेस, त्याचे एवढे पैसे?’ आम्ही विचारले, लेखी काही आहे का? त्याच्याजवळ साधी चिठ्ठीसुद्धा नव्हती.

बटण दाबण्याचे पैसे! असे बोलणाऱ्यांनी त्याचा एक दिवस पाहावा. सकाळी दुकानात पासपोर्ट फोटो, दुपारी कोणाचा साखरपुडा, संध्याकाळी जयंतीची मिरवणूक. घरी आल्यावर शेकडो फोटो संगणकावर उतरवायचे, निवडायचे, रंग सुधारायचे, अल्बमची पाने जुळवायची. कॅमेरा, फ्लॅश, हार्ड डिस्क सारे स्वतःच्या खिशातून. लग्ने चार महिने, पण दुकानभाडे बारा महिने. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि ऐन हंगामात त्याचे काम बंद पडले. त्याला ना पगार, ना पीएफ, ना भरपगारी रजा.

शिवाय धंदाच पालटला. पूर्वी ३६ फोटोंचा रोल जपून वापरावा लागे. पुढे डिजिटल कॅमेरा आला आणि त्यामागून मोबाईल. कोडॅकसारख्या बलाढ्य कंपनीला २०१२ मध्ये दिवाळखोरीच्या कायद्याचा आसरा घ्यावा लागला. आमचा गल्लीतला फोटोग्राफर मात्र कोणत्याही मदतीवाचून संगणक शिकला आणि टिकून राहिला. ही साधी गोष्ट नव्हे. बापाचा धंदा मुलाच्या गळ्यात बांधणाऱ्या या समाजव्यवस्थेत कॅमेरा ही कोणत्याही जातीची वतनदारी नाही. म्हणूनच स्वाभिमानाने जगू पाहणाऱ्या तरुणांनी तो हाती घेतला.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. कामाच्या तासांना मर्यादा असावी, हा प्रश्न त्यांनी सरकारदरबारी ऐरणीवर आणला. पण स्वतःच्या हिमतीवर धंदा करणाऱ्याला मालकच नाही, मग तासांची मर्यादा त्याच्यासाठी कोण पाळणार? म्हणून लेखी करार हीच त्याची ढाल आहे. काम कोणते, रक्कम किती, बाकी कधी द्यायची, हे एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. बाकी बुडत असेल तर दिवाणी दावा साधारणतः तीन वर्षांच्या आत लावावा लागतो. भिडेखातर गप्प बसणाऱ्याची मुदत निघून जाते.

फोटोवर हक्क कोणाचा, हेही समजून घ्यावे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटो काढणारा हाच त्याचा कर्ता. मोर्चात त्याने आपल्या मर्जीने काढलेल्या फोटोचा हक्क त्याचाच. मात्र पैसे देऊन कोणी काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, गिऱ्हाईक ठरतो. तेव्हा लग्नाचे फोटो दुकानाच्या काचेत लावायचे असतील तर संमती लेखी घ्या. लोकांच्या लेकीसुनांचे फोटो परस्पर लावणे हा धंदा नव्हे. आणि हक्क दुसऱ्याकडे गेला तरी, हे काम माझे आहे, असे सांगण्याचा कर्त्याचा अधिकार कलम ५७ ने राखून ठेवला आहे.

आता आमचा सवाल आपल्याच माणसांना आहे. मोर्चा, सभा, जयंती यांचे फोटो आम्ही फलकावर छापतो, विशेषांकात वापरतो, मोबाईलवरून गावभर पाठवतो. त्याखाली फोटोग्राफरचे नाव किती वेळा असते? पुष्कळदा कोपऱ्यातले नाव कापूनच फोटो पुढे जातो. १४ ऑक्टोबर १९५६ चा नागपुरातील जनसागर त्यानंतर जन्मलेल्या पिढ्यांनी छायाचित्रांतूनच पाहिला. त्या गर्दीत कॅमेरा घेऊन कोणीतरी उभे होते, म्हणूनच ना? श्रमिकाच्या हक्कासाठी घोषणा द्यायच्या आणि त्या घोषणांचा फोटो काढणाऱ्या श्रमिकाला फुकटात राबवायचे, हे कोणत्या न्यायात बसते?

येत्या जयंतीला उत्सव समित्यांनी मंडप आणि वाद्यांच्या खर्चाबरोबर फोटोग्राफरचाही खर्च मंजूर करावा आणि तो वेळेवर द्यावा. फोटो छापताना त्याखाली नाव द्यावे. नाव छापायला पैसा लागत नाही, फक्त दानत लागते.