भय गेले, आता रस्ता कोणाचा?

आपल्या जिल्ह्याच्या नावातच घाट आहे. घाटाच्या वरचा मुलूख तो बालाघाट. १८६७ साली भंडारा, मंडला आणि शिवनी या जिल्ह्यांचे भाग एकत्र करून हा जिल्हा निर्माण झाला. मुख्यालय मात्र घाटाखाली बूढा या गावी राहिले आणि कालांतराने त्या गावालाच बालाघाट म्हणू लागले. आपल्यापैकी बहुतेकांची बिऱ्हाडेही घाटाखालीच, वैनगंगेच्या आसपास स्थिरावली. वर बैहर-परसवाड्याचे पठार आणि आग्नेयेस लांजी. हा प्रदेश नावाने आपला, पण पायाखालचा नव्हे.

याला एक सबळ कारण होते, हे मान्य केले पाहिजे. डिसेंबर १९९९ मध्ये राज्याचे परिवहनमंत्री लिखीराम कावरे यांची किरनापूर भागातील सोनपुरी गावी नक्षलवाद्यांनी हत्या केली. मंत्र्याचीच ही गत, तेथे सामान्यांनी काय धीर धरावा? त्यानंतर पाव शतक बैहर आणि लांजी ही नावे वर्तमानपत्रांत चकमकींच्या बातम्यांतच वाचायला मिळाली. डिसेंबर २०२५ मध्ये उरलेले नक्षलवादी शरण आले आणि जिल्हा नक्षलमुक्त झाल्याचे शासनाने जाहीर केले. भय गेले. आता त्या भयाने मोकळे सोडलेले रस्ते कोणाच्या पदरात पडणार, हा प्रश्न आज विचारला नाही तर पुढे विचारण्यात अर्थ उरणार नाही.

उत्तराची दिशा उघड दिसते आहे. जिल्ह्याच्या विकासाची चर्चा कोठेही निघो, ती एकाच ठिकाणी येऊन थांबते. नागपूरहून किंवा गोंदियाहून निघालेला पर्यटक कान्हाच्या मुक्की दरवाजापाशी किती कमी वेळात पोचेल? म्हणजे बालाघाट जिल्हा हा ओलांडून जाण्याचा प्रदेश! काचा वर करून, गाणी लावून, डोळे मिटून ओलांडायचा. या कल्पनेला माझा विरोध आहे. माझे म्हणणे असे की, घाटावरच्या आणि लांजीकडच्या रस्त्यांवर पहिला हक्क मंद गतीच्या प्रवाशाचा, म्हणजे सायकलवर बसणाऱ्याचा असला पाहिजे. तो हक्क नुसता उदारपणे मान्य करून भागणार नाही, रस्त्याच्या अंदाजपत्रकातच लिहिला गेला पाहिजे.

सायकलच का? कारण या जिल्ह्याचा इतिहास मोटारीच्या वेगाला दिसत नाही. आग्रा-दिल्लीसारखी दुरून डोळ्यांत भरणारी वास्तू येथे नाही. येथे जे आहे ते गावांत, झाडांआड, तळ्याकाठी विखुरलेले आहे. हट्टा गावची दगडी बारव घ्या. चंदन नदीकाठचे रामपायलीचे किल्लेवजा राममंदिर घ्या. लांजीला खंदकाने वेढलेल्या पडक्या किल्ल्याचे बुरूज आहेत, कोटेश्वराचे प्राचीन देवालय आहे. कलचुरी राजा जाजल्लदेव याच्या १११४ सालच्या रतनपूर शिलालेखात 'लांजिका' हे नाव येते. नऊशे वर्षांपूर्वीही हे गाव करभार देण्याइतके मोठे होते. बैहरच्या जुन्या दगडी मंदिरांची नोंद इंग्रजी ज्ञानकोशांनी शंभर वर्षांपूर्वीच घेतली. परसवाड्याच्या पठारावर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लछमन नायक नावाच्या गृहस्थाने पहिली गावे वसविली, असेही त्या जुन्या नोंदी सांगतात. ही गावे बैलगाडीच्या गतीने वसली. ताशी ऐंशी किलोमीटरच्या वेगात ती समजतील कशी? बालाघाटहून लांजी साठेक किलोमीटर, बैहर सत्तरच्या आसपास. सायकलस्वाराला हे एका दिवसाचे अंतर आहे. आणि तेवढ्या दिवसात तो चार गावी पाणी पितो, दोन ठिकाणी पोहे-चहा घेतो, एकदा पंक्चर काढतो आणि रात्री मुक्काम शोधतो. मोटारीतला पर्यटक गावात धूळ ठेवून जातो, सायकलवरचा चार पैसे.

हे स्वप्नरंजन नव्हे. इटलीतील तोस्काना प्रांतात, सिएनाजवळच्या कियांतीच्या टेकड्यांत, द्राक्षमळ्यांमधून आणि मध्ययुगीन गढ्यांखालून जाणारे पांढऱ्या खडीचे जुने रस्ते आहेत. डांबरीकरणात ते नाहीसे होऊ लागले, तेव्हा १९९७ साली गायोले या लहानशा गावातून 'लेरोइका' नावाची सायकलयात्रा काही मंडळींनी सुरू केली. १९८७ पूर्वीच्या बांधणीच्या सायकली आणायच्या आणि कच्च्या रस्त्यांनी चढ चढायचे, हा नियम. प्रारंभी ही विक्षिप्तांची हौस वाटली असेल. आज जगभरातून लोक तेथे येतात आणि ते खडीचे रस्ते त्या मुलखाचे भूषण झाले आहेत. त्या मंडळींनी सायकलसाठी नवे काही बांधले नाही, जुने होते ते मोडू दिले नाही. आपल्यातली कितीतरी कुटुंबे युरोपच्या सहलीत याच टेकड्या बसच्या खिडकीतून पाहून आली आहेत. परत आल्यावर त्यांतल्या किती जणांनी लांजीचा किल्ला पाहिला?

यावर कोणी म्हणेल, मग आपणही एखादी शर्यत भरवू. जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात झालेल्या आंतरराष्ट्रीय सायकल शर्यतीचे उदाहरण ताजे आहे. मुळशी, मावळ, पुरंदर या घाटवाटांतून परदेशी सायकलपटू धावले, रस्ते गुळगुळीत झाले, सह्याद्री दूरचित्रवाणीवर झळकला. त्याचे कौतुक जरूर करावे. परंतु शर्यतीच्या दिवशी वाहतूक थांबवून रस्ता सायकलला देणे सोपे आहे; खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी असते, जेव्हा तोच रस्ता पुन्हा मालमोटारींच्या ताब्यात जातो. आपल्याला उत्सव नको, रोजचा रस्ता हवा.

कारण आपल्या जिल्ह्यातला रोजचा सायकलस्वार रंगीत शिरस्त्राण घातलेला हौशी प्रवासी नाही. ती नववीतली मुलगी आहे. दुसऱ्या गावच्या शाळेत जावे लागणाऱ्या सहावी आणि नववीच्या मुलांना राज्य शासन मोफत सायकल देते. योजना उत्तम आहे. पण भरवेली आणि उकवा या मँगनीजच्या खाणी बैहरच्याच रस्त्यावर आहेत. खनिजाने भरलेली मालमोटार मागून आली की ती मुलगी सायकलसह डांबराच्या कडेवरून खाली, चिखलात किंवा गोट्यांत उतरते. एका हाताने सायकल द्यायची आणि दुसऱ्या हाताने तिची जागा काढून घ्यायची, हा कुठला न्याय? शासकीय सेवेत आयुष्य घालविल्यामुळे एवढे मी जाणतो की, जे नकाशात नसते त्याला पैसा मिळत नाही. दोन पदरी रस्त्याला दोन्ही बाजूंस दीड मीटरची पक्की पट्टी देण्याची तरतूद देशाच्या रस्तेविषयक मानकांत आहेच. ती मागायची, एवढेच आपले काम.

आक्षेप मला ठाऊक आहेत. ऊन म्हणाल, तर मे महिन्यात कोणी घाट चढा असे म्हणत नाही. कार्तिकापासून माघापर्यंतचे चार महिने पुरेसे आहेत. जंगल म्हणाल, तर कान्हा आणि पेंच यांच्यामधल्या वन्यजीवमार्गात एकही झाड पडू नये या मताचा मी आहे. जेथे रुंदी मिळणार नाही तेथे वेगाला मर्यादा घाला, शाळेच्या वेळेत जड वाहने थांबवा. त्याला कुऱ्हाड लागत नाही. उरला तिसरा आक्षेप. तो कोणी उघड बोलत नाही, पण तोच सर्वांत जड आहे. सायकल ही गरिबाची वस्तू, ती आपल्यासारख्यांना शोभत नाही! ज्यांचे आजोबा-पणजोबा सायकल दामटीत कचेरीत आणि शाळेत गेले, त्यांच्या नातवंडांना ती मारुतीच्या देवळापर्यंत न्यायलाही लाज वाटते. या लाजेची किंमत ती नववीतली मुलगी चुकवते. प्रतिष्ठितांनी जो रस्ता सोडला, त्याची दाद कोणी घेत नाही.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर-भंडारा मुंबई राज्यात गेले आणि आपण मध्यप्रदेशात राहिलो. तेव्हापासून आपण मनाने दक्षिणेकडे तोंड करून बसलो आहोत. मुलांचे शिक्षण नागपूरला, लग्ने नागपूरला, खरेदी नागपूरला. त्यात गैर काही नाही. पण ज्या मातीत चार-पाच पिढ्यांची राख मिसळली, तिचा दगड न् दगड परका ठेवून आपण येथले कसे म्हणवून घ्यायचे? साहित्यसंस्थेने वर्षाला दोन व्याख्याने कमी करावीत, आणि हिवाळ्यात सभासदांची एक सायकलफेरी लांजीला, दुसरी रामपायलीला न्यावी. वृद्धांनी मागून बसने यावे, तरुणांनी पुढे जावे; वाटेत शाळकरी मुले भेटतील, त्यांच्यासोबत चालावे. पक्क्या पट्टीचे निवेदन लोकनिर्माण विभागाकडे न्यायचे, ते त्याच रस्त्याने सायकलवरून आलेल्या माणसांच्या सह्यांचे असावे. फाईल कोणत्या कागदाने हलते आणि कोणत्या कागदाने झोपते, हे मी पुष्कळ पाहिले आहे. घाम गाळून आलेल्या पन्नास सह्या बाजूला सारणे कोणत्याही अधिकाऱ्याला जड जाते.