अक्षरांआधीची साक्षरता

ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डीत ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह ते कोसबाडच्या आदिवासी पाड्यांपर्यंत नेले, तेव्हा मूल शाळेत येत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात जावे, हा विचार त्यामागे होता, आणि शिंपले, बिया, पाने हेच तेथील शैक्षणिक साहित्य ठरले. उद्गामी साक्षरता, म्हणजे अक्षरओळखीपूर्वीच ऐकण्याबोलण्यातून, गोष्टींतून व रेघोट्यांतून होणारी वाचन-लेखनाची पूर्वतयारी, याच वाटेने येते. तांदूळ निवडणाऱ्या आजीशेजारी बसून खडे वेगळे काढणारे आणि घरच्या बोलीत प्रश्नांची सरबत्ती करणारे मूल वर्गीकरण व भाषा एकदमच शिकत असते. तीन वर्षांच्या बोटांत पेन्सिल कोंबून बाराखडी गिरवून घेणाऱ्या बालवर्गांना हे अद्याप उमगलेले नाही.