उच्चारांचे पंतोजी

तिरुविसनल्लूर हे कुंभकोणमजवळचे लहानसे गाव. तंजावरच्या शहाजी राजांनी १६९३ मध्ये ते चाळीसांहून अधिक विद्वानांना अग्रहार म्हणून दिले आणि त्याला शहाजिराजपुरम् हे नाव मिळाले. कार्तिक अमावास्येला श्रीधर अय्यावाळांच्या घरच्या विहिरीत गंगा अवतरते, या श्रद्धेने तेथे आजही स्नानासाठी रीघ लागते. त्या निमित्ताने आम्ही काही सरकारी नोकर तेथे गेलो असता एका तंजावरी मराठी कुटुंबाने आम्हांस जेवावयास बोलाविले. घरच्या आजी आपल्या मराठीत आग्रह करीत होत्या. आमच्यातील एकाने हसत हसत त्यांचा एक शब्द सुधारला, मग दुसरा. हसणाऱ्यांत मीही होतो. त्यानंतर आजी आमच्याशी तमिळमध्येच बोलल्या.

त्याच आठवड्यात १९६४ चा ‘माय फेअर लेडी’ पुन्हा पाहिला. तरुणपणी ज्या प्रसंगांना खळखळून हसलो, त्यांना या वेळी हसू आले नाही. आठ ऑस्कर मिळविणारी ही संगीतिका गोड आहे, आणि तिचा गोडवा हाच तिचा धोका आहे. फुलवालीचे उच्चार सुधारणे म्हणजे तिला माणसांत आणणे, असे ती आपल्या गळी अलगद उतरविते. गंमत अशी की, वाणीचे माहात्म्य सांगणाऱ्या या चित्रपटात नायिकेची बहुतेक गाणी ऑड्री हेपबर्नच्या गळ्यातील नाहीत. ती मार्नी निक्सनची आहेत!

कोणी म्हणेल, प्रमाणभाषा नको काय? अवश्य हवी. कचेरीत, शाळेत, छापखान्यात तिच्यावाचून चालणार नाही. परंतु फुलांच्या दुकानात नोकरी मिळावी म्हणून एलायझा स्वतः शिकवणी मागावयास आली होती, पैसे देण्यासही तयार होती. आजींनी आम्हांकडे कोणती शिकवणी मागितली होती? त्यांनी आम्हांस जेवू घातले होते. मूळच्या त्याच ‘पिग्मॅलियन’वरून पु. ल. देशपांडे यांनी १९७५ मध्ये ‘ती फुलराणी’ रंगभूमीवर आणले. तेव्हा प्रेक्षकांनी डोक्यावर घेतली ती भक्ती बर्वे यांची, मास्तरांना धडा शिकवू पाहणारी मंजुळा. हे आपण टाळ्या वाजवून विसरलो.

ज्या शहाजी राजांचे नाव या गावाने मिरविले, त्यांचेही एक संगीत नाटक आहे: ‘पंचभाषाविलास’. त्यात संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी आणि हिंदी या पाच भाषा एकाच रंगमंचावर नांदतात. राजा मराठी, प्रजा बहुतांशी तमिळ, दरबारी साहित्य मोठ्या प्रमाणावर तेलुगू. अशा राज्याला आपली भाषा दुसऱ्याच्या भाषेवर पंतोजी म्हणून बसविण्याची गरज भासली नाही. साडेतीनशे वर्षे तमिळ मुलखात टिकलेली मराठी आमच्या हसण्याने उंबरठ्याआड जाणार असेल, तर मातृभाषेच्या अभिमानाच्या गप्पा आम्ही बंद कराव्यात हे बरे.

बदलीवर आलेला मनुष्य तीन वर्षांनी निघून जातो. घरात निःशब्द झालेली भाषा मात्र परत येत नाही. तेव्हा बंधूंनो, तंजावरी घरी जाल तर कान घेऊन जा. शब्द अडला तर अर्थ विचारा, आजींच्या संमतीने टिपून ठेवा आणि चार वाक्ये तमिळही शिका. येत्या अमावास्येला मी पुन्हा तेथे जाणार आहे. आजी मराठीत बोलतील की नाही, हे आता माझ्या हाती नाही.