आपद्‌ग्रस्तांचे हेलपाटे

ऑक्टोबरच्या अखेरीस पाऊस आला म्हणजे वसई तालुक्याच्या पूर्वपट्ट्यातील चांदीपसारख्या गावात कापून ठेवलेले भात शेतातच भिजते आणि लोंबीतल्या दाण्याला मोड फुटतात. 2019 साली लांबलेला पाऊस आणि ‘क्यार’ चक्रीवादळ यांनी कोकणातील भातशेतीची अशीच दैना केली होती. नुकसान एका रात्रीत होते. ते शासनदरबारी सिद्ध होऊन मदत हाती पडण्यास मात्र महिने लागतात. ही स्थिती पालटावयाची असेल, तर आपत्तीतील मदत शासन निर्णयांच्या मर्जीवर न ठेवता तिला स्वतंत्र कायद्याचा आधार दिला पाहिजे.

आजची रीत पाहावी. अतिवृष्टी झाली असे ठरण्यासाठी महसूल मंडळात चोवीस तासांत 65 मिलिमीटरहून अधिक पावसाची नोंद व्हावी लागते. मग महसूल, कृषी व ग्रामविकास या खात्यांचे कर्मचारी पंचनामे करतात. याद्या तहसीलदारांकडून जिल्हाधिकारी व विभागीय आयुक्त यांच्यामार्फत मंत्रालयात जातात आणि निधीचा निर्णय झाल्यावर खातेदाराची ओळखपडताळणी होते. शेतकरी ओळख क्रमांक असणाऱ्यांना 2025 मध्ये या पडताळणीतून सूट मिळाली, हे योग्यच झाले. परंतु जो दुसऱ्याची जमीन खंडाने कसतो, किंवा ज्याच्या सातबाऱ्यावर अजून मृत आजोबांचे नाव आहे, त्याने काय करावे? पीक त्याचे बुडाले, पण कागद त्याच्या नावाचा नाही.

याहून गंभीर बाब अशी की, मदतीचा दरही स्थिर नाही. जानेवारी 2024 च्या शासन निर्णयाने जिरायत पिकांसाठी हेक्टरी 13,600 रुपये आणि तीन हेक्टरांची मर्यादा ठरविण्यात आली. मे 2025 मध्ये दुसऱ्या निर्णयाने दर पुन्हा 8,500 रुपयांवर आणि मर्यादा दोन हेक्टरांवर आली. त्याच वर्षी मराठवाड्यात महापुराने हाहाकार उडाल्यावर मर्यादा पुन्हा तीन हेक्टर झाली. एका निर्णयाने द्यावयाचे आणि दुसऱ्याने काढून घ्यावयाचे, याला हक्क म्हणत नाहीत.

या बाबतीत महाराष्ट्राला धडा घेण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. दुष्काळी कामे ही एके काळी सरकारची कृपा समजली जात असे. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने 1965 साली तासगाव तालुक्यात सुरू झालेला प्रयोग 1972 च्या दुष्काळात राज्यभर गेला आणि 1977 मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. काम मागितल्यावर पंधरा दिवसांत ते द्यावे, न दिल्यास बेकारी भत्ता द्यावा, असे बंधन शासनाने स्वतःवर घालून घेतले. याचक हक्कदार झाला तो कायद्यामुळे.

दुसरा दाखला अलीकडचा आहे. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार किमान मदतीचे निकष ठरविणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने जून 2021 मध्ये कोविडच्या प्रकरणात स्पष्ट केले. पुढे मृतांच्या कुटुंबीयांना 50,000 रुपये अर्जापासून तीस दिवसांत द्यावेत, आणि केवळ दाखल्यावर कोविडचा उल्लेख नाही म्हणून मदत नाकारू नये, असेही ठरले. जे साथीत शक्य झाले, ते पुरात अशक्य का असावे?

नव्या कायद्यात चार गोष्टी असाव्यात. घर, पीक व जनावरे या सर्वांसाठी एकच अर्ज असावा. सरकारी दप्तरात असलेला कागद पुन्हा अर्जदाराकडून मागू नये. तीस दिवसांत मदत किंवा नकाराची लेखी कारणे मिळावीत, आणि त्यावर अपील करता यावे. प्रत्यक्ष कसणाऱ्याची ओळख ग्रामसभेत पटविण्याची सोय असावी. विलंब करणाऱ्या अधिकाऱ्यास दंड करण्याची तरतूद 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यात आहेच. तिचा कित्ता गिरवता येईल.

नियम सैल केले तर खोटे दावे वाढतील, अशी शंका घेतली जाईल, आणि ती निराधार नाही. तथापि तिचा उपाय लाभार्थींची यादी गावात जाहीर वाचणे आणि नंतर तपासणी करणे हा आहे; शंभर खऱ्यांना तिष्ठत ठेवणे हा नव्हे. कर्मचाऱ्यांनाही दोष देऊन भागणार नाही. अनेक गावांचा भार वाहणाऱ्या तलाठ्याला मुदत घालून द्यावयाची, तर त्याला मनुष्यबळही द्यावे लागेल.

चांदीपहून वसईच्या तहसील कचेरीत जाणाऱ्या मजुराचा एक हेलपाटा म्हणजे एका दिवसाची बुडालेली मजुरी. पाऊस सरकारच्या हाती नाही. हे हेलपाटे थांबवणे मात्र निश्चित त्याच्या हाती आहे.