सेनापतींचा वाद, संसदेचे मौन

जुलै २०२१ मध्ये तत्कालीन संरक्षण दलप्रमुख जनरल बिपिन रावत यांनी हवाई दलाला तोफखान्याच्या पंक्तीस बसवून साहाय्यक ठरवले; हवाई दलप्रमुख भदौरिया यांनी तत्काळ जाहीर प्रतिवाद केला. हा केवळ मानापमान नव्हे. मंजूर ४२ स्क्वाड्रनही ज्या दलापाशी नाहीत, त्याची विमाने संयुक्त कमांडांत वाटल्यावर ऐनवेळी बळ एकवटावे कसे, हा खरा पेच आहे. १९६२ मध्ये लढाऊ विमाने वापरलीच गेली नाहीत. हिमालयात शेतकऱ्या-कष्टकऱ्यांची मुले एकाकी लढली. त्या पराभवाची मीमांसा करणारा हेंडरसन ब्रूक्स अहवाल सरकारने अद्याप संसदेपुढे ठेवलेला नाही. संरक्षणखात्याच्या मागण्या तर अनेकदा चर्चेविनाच संमत होतात! अहवाल आणि संयुक्त कमांडांची योजना, दोन्ही सभागृहात मांडण्याची मागणी समाजवादी खासदारांनी धसास लावावी.